सोमवारी सकाळी बंद पडणारं घड्याळ : ऑटोमॅटिक घड्याळाची चावी, निगा आणि त्यातून घेता येणारा पाठ



गेल्या पावसाळ्यात आमच्या पुंडलिकनगरच्या घरी रोज सकाळी एकच वाक्य ऐकू यायचं. "घड्याळ पुन्हा बंद पडलं रे." वाक्य आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं. घड्याळ 1984 साली मामांनी दुबईहून आणलेलं, सेको फाइव्ह. डायलवर वार इंग्रजीत आणि अरबीत. चिकलठाणा एमआयडीसीत सायकलवर जाताना, पाळीच्या कामात, लग्नकार्यात हे घड्याळ अण्णांच्या मनगटावर होतं. आणि आता ते रोज पहाटे तीन-चारच्या सुमारास थांबायचं.

घरात सगळ्यांचं एकमत झालं. घड्याळ म्हातारं झालं, सेलवालं नवीन घ्या. अण्णा काही बोलले नाहीत, पण घड्याळ काढून कपाटात ठेवायलाही तयार होईनात. शेवटी मी ते गुलमंडीवर एका जुन्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी मागचं झाकण उघडून भिंगातून पाहिलं, पुन्हा बंद केलं आणि म्हणाले, "दोन दिवस राहू द्या माझ्याकडे." दोन दिवसांनी गेलो तर घड्याळ त्यांच्याच मनगटावर होतं. दोन्ही रात्री ते एकदाही थांबलं नव्हतं.

"सर, घड्याळाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "वडील फिरतात का?"

या एका प्रश्नातून आजचा लेख लिहावासा वाटला. ऑटोमॅटिक घड्याळ पुन्हा लोकांच्या हातात दिसू लागलं आहे. कुणाला साखरपुड्यात मिळतं, कुणी हौसेनं घेतं, कुणी आजोबांचं जुनं बाहेर काढतं. पण ते चालतं कसं, हे माहीत नसल्यामुळे चांगली घड्याळं 'बिघडली' म्हणून कपाटात जातात, आणि काही आपणच बिघडवतो. शिवाय सहावी-सातवीच्या विज्ञानातले ऊर्जा, गतीचे प्रकार, चुंबकत्व आणि गणितातली सरासरी, शेकडेवारी एवढं सगळं या एका वस्तूत सापडतं. तेव्हा आधी आपण मोठ्यांनी समजून घेऊ, मग वर्गात कसं न्यायचं ते पाहू.

आत काय असतं? पाणचक्कीपासून सुरुवात करू

आपल्या शहरातल्या मुलांनी पाणचक्की पाहिलेली असतेच. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून आलेलं पाणी उंचावरून खाली पडतं, पाती फिरवतं आणि त्या पात्यांना जोडलेलं दगडी जातं फिरतं. पाणी उंचावर आहे तोपर्यंत त्यात स्थितिज ऊर्जा आहे. पडू लागलं की तिची गतिज ऊर्जा होते. वरून पाणी यायचं थांबलं तर जातं थांबेल. तेव्हा आपण 'जातं बिघडलं' असं म्हणणार नाही, पाणी कुठे अडलं ते पाहू.

ऑटोमॅटिक घड्याळात पाण्याच्या जागी असते एक लांब, पातळ पोलादी पट्टी. एका छोट्या डबीत ती गुंडाळून बसवलेली असते. ही मुख्य स्प्रिंग. जुनी माणसं हिला कमान म्हणतात. ती आवळली की तिच्यात ऊर्जा साठते, आणि सैल होता होता ती चाकं फिरवते.

आता प्रश्न असा की ती आवळतं कोण? चावीच्या घड्याळात आपण रोज सकाळी आवळतो. ऑटोमॅटिकमध्ये हे काम आपला हात करतो. घड्याळाच्या मागच्या बाजूला अर्धवर्तुळाकार, कडेला जड असा एक पत्रा असतो, त्याला रोटर म्हणतात. हात हलला की गुरुत्वाकर्षणामुळे त्याची जड बाजू खाली यायला पाहते आणि तो फिरतो. त्या फिरण्याने दातेरी चाकांमार्फत स्प्रिंग थोडी थोडी आवळली जाते. घड्याळ कानाशी धरून हळूच हलवलं तर हा रोटर फिरल्याचा घर्रर्र आवाज येतो. पुष्कळांना वाटतं आत काहीतरी सुटलंय! काही सुटलेलं नसतं.

पण स्प्रिंग मोकळी सोडली तर क्षणात उलगडून जाईल. म्हणून पुढे एक पहारेकरी असतो. बॅलन्स व्हील नावाचं एक छोटं चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर पुढे-मागे हेलकावे घेतं आणि प्रत्येक हेलकाव्याला दातेरी चाकाचा एकच दात पुढे जाऊ देतं. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक ती हीच. बऱ्याच नेहमीच्या ऑटोमॅटिक घड्याळांत हे ठोके तासाला 21,600 पडतात, म्हणजे सेकंदाला 6. दिवसाचे होतात 5,18,400. वर्षाचा हिशेब मुलांना करू द्या, उत्तर 18 कोटी 92 लाख 16 हजार येतं. एवढं काम करणाऱ्या यंत्राला तेलपाणी लागणारच, पण त्याबद्दल पुढे.

या घड्याळात सेल नाही, हे लक्षात ठेवा. सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. म्हणून ते महिन्याला जेमतेम काही सेकंदच चुकतं. ऑटोमॅटिकची त्याच्याशी बरोबरी होत नाही, करूही नये.

बंद म्हणजे बिघडलेलं नव्हे

पूर्ण आवळलेली स्प्रिंग साधारण 40 तास पुरते. काही घड्याळांत कमी, काही नव्या घड्याळांत 70-80 तासही. आता हे गणित पाहा. शनिवारी सकाळची शाळा. तुम्ही घरी येऊन दुपारी 12 वाजता घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. स्प्रिंग पूर्ण भरलेली आहे. रविवारी दुपारी 12 ला 24 तास झाले, उरले 16. म्हणजे सोमवारी पहाटे 4 वाजता घड्याळ थांबणार. सोमवारी शाळेला निघताना तुम्ही पाहता तर काटे चारवर! "नवं घड्याळ आणि लगेच बंद?" घड्याळाने आपलं काम चोख केलेलं असतं, चुकलेली असते ती आपली अपेक्षा.

दुसरा प्रकार आमच्या अण्णांचा. घड्याळ दिवसभर हातात होतं, पण हात हलतच नव्हता. मनगटावर बांधलंय म्हणजे चावी भरली जाते असं नाही, चावी भरते ती हालचालीने. दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस, आजारी माणूस, संगणकावर तासन् तास काम करणारा माणूस यांच्या हातात स्प्रिंग निम्मीसुद्धा भरत नाही. मग रात्री घड्याळ काढून ठेवलं की पहाटे थांबतं.

म्हणून घड्याळ थांबलं की दुकानात नेण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. शेवटचं हातात कधी होतं? तेव्हा हात किती हलला? नीट चावी भरून, किंवा दिवसभर वापरून, रात्रभर चालतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर दुकानदाराची गरज नाही.

चावी कशी द्यायची?

आधी आपलं घड्याळ कुठल्या जातीचं आहे ते ओळखा. काही ऑटोमॅटिकला बाजूच्या बटणाने, म्हणजे चावीने, हातानेही चावी देता येते. काहींना देता येत नाही. जुन्या सेको फाइव्हमध्ये चावी चारच्या अंकाजवळ केसमध्ये दडवलेली असते, कारण रोज हात लावायची गरजच नाही असं गृहीत धरलेलं. तिथे चावी कितीही फिरवली तरी स्प्रिंग भरत नाही. लोक फिरवत बसतात आणि म्हणतात, "चावी घेत नाही." तिला ते कामच दिलेलं नाही.

*हाताने चावी देता येत असेल तर :*

1. घड्याळ हातातून काढा. मनगटावर असताना चावी फिरवली की तिच्या बारीक दांड्यावर तिरका जोर येतो.
2. चावी आटे असलेली, म्हणजे बाटलीच्या झाकणासारखी घट्ट बसणारी असेल तर आधी उलट फिरवून सैल करा. बाहेर मात्र ओढू नका.
3. वरच्या दिशेने, सावकाश 20 ते 30 वेळा फिरवा.
4. आटे असतील तर पुन्हा हलकेच दाबून घट्ट बसवा. हे विसरलं की पाणी आत जायची वाट मोकळी राहते.

*हाताने चावी देता येत नसेल तर :* घड्याळ आडवं धरा आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, पाळण्याला झोका द्यावा तसं अर्धा मिनिट हलवा. सेकंदकाटा चालू लागला की वेळ लावा आणि हातात घाला. झोका म्हणजे झोकाच. थर्मामीटर झटकतो तसं झटकायचं नाही. झटक्याने स्प्रिंग जास्त भरत नाही, आतल्या नाजूक भागांना मार मात्र बसतो.

सुरू करून दिलं तरी स्प्रिंग पोटभर भरायला नेहमीच्या हालचालीत आठ-दहा तास हातात राहावं लागतं.

"जास्त चावी बसून स्प्रिंग तुटेल का?" हा प्रश्न पालकसभेतसुद्धा विचारला जातो! ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंग पूर्ण आवळली की तिचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीवरून घसरतं. तशीच सोय केलेली असते, नाहीतर दिवसभर फिरणाऱ्या माणसाचं घड्याळ संध्याकाळी तुटलं असतं. पण हा नियम साध्या चावीच्या घड्याळाला लावू नका. तिथे चावी घट्ट लागली की थांबायचं, जोर करायचा नाही.

वेळ आणि तारीख : इथे माझी स्वतःची चूक सांगतो

काही वर्षांपूर्वी माझं एक घड्याळ असंच थांबलं होतं. रात्री अकरा वाजता मी ते चालू केलं आणि झोपायच्या आधी चावी अर्धी ओढून तारीख फिरवली. दुसऱ्या दिवसापासून तारीख बदलेना. आतल्या एका प्लॅस्टिकच्या चाकाचा दात तुटला होता. चूक सर्वस्वी माझी.

कारण समजून घ्या. तारीख बदलणं हे बाराच्या ठोक्याला एका क्षणात होत नाही. रात्री नऊच्या सुमारास आतलं चाक तारखेच्या कड्याला भिडतं आणि पहाटे तीन-चारपर्यंत हे काम चालू असतं. अण्णांच्या घड्याळात हे डोळ्यांना दिसतं. बारानंतर आधी अरबीतला वार पुढे येतो, आणखी काही वेळाने तो सरकून इंग्रजीतला येतो. ही चाकं एकमेकांत गुंतलेली असताना आपण बाहेरून तारीख फिरवली तर दात मोडू शकतो.

म्हणून साधी पद्धत अशी. आधी चावी पूर्ण ओढून काटे पुढे फिरवत सकाळच्या सहावर आणा. काटे फिरवताना तारीख बदलली तर समजायचं की मध्यरात्र गेली, आता सकाळ आहे. मग चावी अर्धी दाबून कालची तारीख लावा. पुन्हा चावी पूर्ण ओढून काटे पुढे फिरवत आजच्या वेळेवर आणा. वाटेत बारा ओलांडताना आजची तारीख आपोआप येईल आणि सकाळ-संध्याकाळचा घोळही होणार नाही. काटे शक्यतो पुढेच फिरवावेत. आणि हो, 30 दिवसांचा महिना घड्याळाला कळत नाही. वर्षातून पाच वेळा तारीख हाताने सुधारावी लागते. कोणत्या पाच, ते मुलांना शोधू द्या.

निगा : आपल्याकडच्या हवेत काय सांभाळायचं?

*पाणी.* मागच्या झाकणावर '30 मीटर' लिहिलेलं असतं म्हणून ते घालून पोहायला जायचं नसतं. तो आकडा कारखान्यातल्या चाचणीच्या दाबाचा आहे. व्यवहारात 30 मीटर म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे चालतील एवढंच. पोहण्यासाठी 100 मीटरचं घड्याळ हवं. शिवाय पाणी अडवणारी रबरी रिंग वयाबरोबर कडक होते. म्हणून वीस-तीस वर्षांचं घड्याळ, झाकणावर काहीही लिहिलेलं असो, पाण्यापासून दूरच ठेवावं. ओल्या हाताने चावी ओढू नये. रंगपंचमीला आणि भर पावसात गाडीवरून जाताना घड्याळ घरी किंवा डब्यात. काचेच्या आत धुकं दिसलं तर उन्हात वाळवत किंवा तांदळाच्या डब्यात ठेवत बसू नका, त्याच दिवशी घड्याळजींकडे न्या. गंज वाट पाहत नाही.

*चुंबक.* हा आजचा खरा शत्रू. मोबाइलच्या झाकणातलं चुंबक, टॅबचं कव्हर, स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण, इंडक्शन शेगडी आणि आपल्या प्रयोगशाळेतले पट्टीचुंबक. बॅलन्स व्हीलच्या केसासारख्या स्प्रिंगला चुंबकत्व आलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटं पुढे धावू लागतं. यात तुटलेलं काहीच नसतं. घड्याळजींकडच्या छोट्या यंत्राने चुंबकत्व काही सेकंदांत उतरतं. आपण विज्ञानाचे शिक्षक चुंबकाचा तास घेताना घड्याळ काढून ठेवतो का? मीही ठेवत नव्हतो.

*ऊन.* मराठवाड्याचा मे महिना आपण जाणतो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर घड्याळ ठेवू नये. आतलं तेल आणि रबरी रिंग दोन्हींचं आयुष्य कमी होतं.

*धक्के.* चालणं, लिहिणं, फळ्यावर पुसणं, पोळ्या लाटणं हे सगळं घड्याळाला मानवतं. क्रिकेटची बॅट, भिंतीत ड्रिल मारणं, हातोडी ही कामं करताना मात्र काढून ठेवा.

*घाम आणि धूळ.* रात्री काढल्यावर मऊ सुती कापडाने पुसणं, एवढी सवय पुरते. चामड्याचा पट्टा ओला झाला तर सावलीत वाळवा. स्टीलच्या पट्ट्याच्या कड्यांत मळ साचतो. पट्टा घड्याळापासून सोडवून साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने घासा. अत्तर, सॅनिटायझर आधी हाताला लावून वाळू द्या, मग घड्याळ घाला.

*न वापरता ठेवायचं असेल तर* कोरड्या जागी, चुंबकापासून लांब. महिन्यातून एकदा चालू करून एखादा दिवस चालवावं. घड्याळ फिरवत ठेवणाऱ्या विजेच्या पेट्याही मिळतात, पण एका घड्याळासाठी त्यांची काही गरज नाही.

दुकानात केव्हा न्यायचं?

आत शंभरावर बारीक भाग असतात आणि जिथे ते एकमेकांवर घासतात तिथे तेलाचा अगदी थेंबाचा अंश असतो. काही वर्षांनी ते सुकतं किंवा दाट होतं. म्हणून साधारण चार-पाच वर्षांतून एकदा पूर्ण उघडून, धुऊन, नवीन तेल घालून घ्यावं. नुसतं झाकण काढून वरून तेल सोडणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे, हे देताना विचारून घ्या.

लवकर न्यायची लक्षणं अशी : दिवसभर फिरूनही रात्री थांबणं, एकाएकी खूप मागे किंवा पुढे जाणं, रोटर केसला घासल्याचा खरखर आवाज, चावी फिरवताना अडणं, काचेत वाफ. रोजचा 20-30 सेकंदांचा फरक मात्र साध्या ऑटोमॅटिकला माफ आहे. दिवसाला 20 सेकंद म्हणजे आठवड्याला 2 मिनिटं 20 सेकंद. 86,400 सेकंदांत 20 ची चूक म्हणजे फक्त 0.023 टक्के. आपल्यापैकी कुणाचं काम इतकं बिनचूक असतं?

थोडी पार्श्वभूमी

आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळाची कल्पना 18व्या शतकातली. तेव्हा घड्याळं खिशात असायची आणि खिसा फारसा हलत नाही, म्हणून ती फारशी रुजली नाही. पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ मनगटावर आलं. 1920 च्या दशकात जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीने मनगटी ऑटोमॅटिक घड्याळाचं पेटंट घेतलं. त्याचा रोटर पूर्ण न फिरता दोन बाजूंना आपटून परत यायचा. पूर्ण गोल फिरणारा रोटर रोलेक्सने 1931 मध्ये आणला. 1963 मध्ये आलेल्या सेको फाइव्हने ऑटोमॅटिक घड्याळ साध्या नोकरदाराच्या आवाक्यात आणलं.

आपल्याकडे हे काम एचएमटीने केलं. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळुरूला एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला. 'जनता' हे त्यांचं चावीचं घड्याळ घराघरांत होतं, तर 'कांचन' हे ऑटोमॅटिक लग्नात जावयाला द्यायचं मानाचं घड्याळ. पुढे सेलची घड्याळं आली आणि 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आजोळी एखादं एचएमटी नक्की असेल. विचारून पाहा.

वर्गात कसं घ्यायचं?

इयत्ता सहावी ते आठवी. तासिका दोन. घड्याळ मुलांना उघडू द्यायचं नाही. बाहेरून पाहणं, ऐकणं आणि मोजणं पुरेसं आहे.

*कृती 1 : रोटर.* पुठ्ठ्याची एक पूर्ण चकती आणि एक अर्धी चकती कापा. दोन्ही वर्तुळाच्या मध्यबिंदूवर टाचणीने जाड पुठ्ठ्यावर सैल बसवा. पुठ्ठा उभा धरून डावीकडे-उजवीकडे कलवा. अर्धी चकती दर वेळी टाचणीभोवती फिरून जड बाजू खाली आणते, पूर्ण चकती तशी फिरत नाही. का, ते मुलांनीच सांगावं.

*कृती 2 : स्प्रिंग.* धाग्याचं रिकामं रीळ, रबर बँड, मेणाचा तुकडा आणि काडी घेऊन रिळाची गाडी बनवा. रबराला 10, 20, 30 पीळ देऊन गाडी किती अंतर जाते ते मोजा व तक्ता करा. पीळ म्हणजे साठवलेली ऊर्जा, हे सांगावं लागत नाही, दिसतं.

*कृती 3 : गतीचे प्रकार.* रोटरची, काट्यांची आणि बॅलन्स व्हीलची गती कोणत्या प्रकारची? वर्तुळाकार कोणती, आंदोलित कोणती? बॅलन्स व्हील दिसण्यासाठी पारदर्शक पाठीच्या घड्याळाचा व्हिडिओ दाखवावा.

*कृती 4 : सात दिवसांची नोंद.* घरातलं एखादं काट्याचं घड्याळ मोबाइलच्या वेळेशी रोज ठरावीक वेळी ताडून किती सेकंद पुढे-मागे ते लिहावं. रोजचा फरक, सात दिवसांची सरासरी आणि शेकडेवारी काढावी. ऑटोमॅटिक आणि सेलचं अशी दोन्ही घड्याळं मिळाली तर तुलना फार छान होते.

*कृती 5 : होकायंत्र.* होकायंत्र टेबलावर ठेवा आणि घड्याळ सावकाश जवळ न्या. सुई चांगलीच ढळली तर घड्याळात चुंबकत्व आलेलं असू शकतं. या कृतीत पट्टीचुंबक टेबलावर नको!

*क्षेत्रभेट :* पाणचक्की आणि शहागंजातला घड्याळ मनोरा. ऊर्जा कुठून येते, ती कोण अडवतं, कोण मोजून सोडतं, हे तीन प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारा.

*स्वाध्याय :* (1) 42 तास पुरणारं, पूर्ण भरलेलं घड्याळ शुक्रवारी रात्री 9 वाजता काढून ठेवलं. ते केव्हा थांबेल? (2) घड्याळ रोज 15 सेकंद पुढे जातं. 30 दिवसांत किती? (3) आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या घरी घड्याळाला चावी कोण द्यायचं आणि केव्हा?

तिसरा प्रश्न गाळू नका. सगळ्यात चांगली उत्तरं त्यालाच येतात.

आणि अण्णांचं घड्याळ?

घड्याळजींच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला गुलमंडीवरून घरी येता येता सुचलं. गुडघे दुखायला लागल्यापासून अण्णांचं गजानन महाराज मंदिरापर्यंतचं सकाळचं फिरणं बंद झालं होतं. मग भाजी आणणं बंद झालं. मग जिना उतरणं. हे सगळं इतकं हळूहळू झालं की घरातल्या आम्हा चौघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. आम्ही रोज घड्याळाबद्दल बोलत होतो, माणसाबद्दल नाही.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी औषध दिलं आणि रोज थोडं चालायला सांगितलं. घड्याळाने गुडघे बरे होत नाहीत, तेव्हा खोटं काही लिहीत नाही. काही दिवस जमतं, काही दिवस नाही. पण आता एक नेम झाला आहे. रात्री जेवणं झाली की आमची सातवीतली लेक आजोबांच्या हातातून घड्याळ घेते, अर्धा मिनिट झोका देते आणि वहीत लिहिते : आज फिरले का, किती वेळ, घड्याळ सकाळी चालू होतं का. तिच्या वर्गातल्या नोंदवहीचा तो प्रकल्प होता, तो संपून महिने झाले, वही अजून चालू आहे. ज्या दिवशी झोका न देताही सकाळी घड्याळ चालू असतं, त्या दिवशी ती शेरा मारते, 'आजोबांनीच चावी दिली.' असे शेरे परवा मी मोजले, गेल्या महिन्यात अकरा होते.

शिक्षक म्हणूनही मला हा धडा उपयोगी पडला. सोमवारी पहिल्या तासाला एखादं मूल नुसतं बसून असतं, विचारलं तर उत्तर देत नाही. पूर्वी मी 'याचं लक्ष नाही' असं लिहून मोकळा व्हायचो. आता आधी विचारतो, काल जेवलास का, झोप झाली का, घरी सगळे बरे आहेत ना. बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं.

तुमच्या घरी कपाटात एखादं बंद ऑटोमॅटिक असेल तर आज रात्री बाहेर काढा. अर्धा मिनिट झोका द्या आणि कानाशी धरा. चाललं तर मुलांना दाखवा. नाही चाललं तर घड्याळजींकडे घेऊन जा, आणि जाताना मुलांनाही सोबत न्या.